मास्तरांनी बेतलेलं घर

ओढ्याच्या काठाने आम्ही बरंच चालून आलो होतो, आणि भाऊजी पुन्हा थांबले. गळ्यातली टेप काढून त्यांनी एका झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळली, आकडा बघितला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटले आणि टेप परत गळ्यात टाकली. मी म्हटलं, हे झाड तर आपल्या जागेतही नाही, मग याचं माप कशाला? तर म्हणाले, "असू दे. बारीक झालंय का बघत होतो."

झाडं बारीक होत नाहीत हे मला माहीत आहे आणि त्यांनाही माहीत असणार. पण ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या पोटाभोवती टेप फिरवली, त्याचे हात घाबरल्यावर दुसरीकडे कुठे जाणार? आणि त्या दिवशी भाऊजी घाबरलेले होते. बसमधून आम्ही मुद्दाम एक थांबा आधी उतरलो होतो, कारण घर पहिल्यांदा ओढ्याच्या बाजूने, चालत येऊन बघायचं असा त्यांचा हट्ट होता. कोटाची पाठ आधी बघावी, असं ते म्हणतात. पुढची बाजू गिऱ्हाईक आरशात बघतंच, पाठ शिवणाऱ्याने बघायची असते.

भाऊजी म्हणजे माझे थोरले दीर. घराबाहेर त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. चौकाच्या कोपऱ्यावर त्यांचं दुकान आणि दुकानाच्या डोक्यावर त्यांचं घर. कोट आणि पँट यांत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. माणसाला ते आधी खांद्यावरून ओळखतात, तोंड नंतर. एखाद्या लग्नात नवरा मुलगा कसा वाटला विचारलं तर म्हणतात, डावी बाही जरा ओढतेय. डॉक्टरांकडे गेले तर डॉक्टरांनी नाडी धरायच्या आत यांनी डॉक्टरांची पँट तपासलेली असते. अलीकडे दुकान त्यांच्या मुलीने हातात घेतलं होतं. तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक येतं, हे ते येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगायचे, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ गप्प बसायचे.

बहुधा त्या गप्प बसण्यातूनच हे घर निघालं.

गावाबाहेर, टेकडीच्या उतारावर त्यांनी एक जागा घेऊन ठेवली होती. एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला रस्त्याचं वळण, मधे एक भलामोठा खडक आणि एक जुनं झाड. तिथे घर बांधायचं, त्यात स्वतः आणि जाऊबाईंनी राहायचं, आम्ही दोघांनीही यायचं, मुलीने सुट्टीला यायचं, असा त्यांचा बेत होता. घराचा आराखडा कुणा शिकलेल्या माणसाकडून करून घ्यावा असं आमच्या ह्यांनी सुचवून बघितलं. भाऊजी म्हणाले, "आपल्या घरच्यांचे कपडे मी कधी बाहेर शिवायला दिलेत का?"

अडचण जाऊबाईंची होती. माझ्या जाऊबाई चौकात वाढल्या आणि लग्न होऊन चौकातच आल्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बस थांबते. कोणता ड्रायव्हर आज कामावर आहे हे त्या ब्रेक दाबण्यावरून सांगतात. रस्ता अगदी शांत झाला की त्या झोपेतून उठून बसतात आणि काय झालं म्हणून विचारतात. टेकडीवरच्या घराचं बोलणं निघालं की त्या "तुम्हाला योग्य वाटेल तसं करा" म्हणायच्या, आणि ते अशा स्वरात म्हणायच्या की करणाऱ्याचे हात गळावेत. शेवटी एकदा त्यांनी तोडून सांगितलं, की मी एकदाच येऊन बघेन. आवडलं तर राहीन. नाही आवडलं तर त्या जागेचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. भाऊजींनी कबूल केलं. आणि भाऊजी कबूल केलेला शब्द पाळतात, दिलेल्या तारखेला कपडा मिळाला नाही असं त्यांच्या दुकानात कधी घडलेलं नाही. जाऊबाई नाही म्हणाल्या असत्या तर ती जागा त्यांनी शेजारच्या गुराख्याला शेळ्या चारायला देऊन टाकली असती आणि त्यानंतर दुकानातल्या खुर्चीत बसून राहिले असते, मुलीच्या गिऱ्हाइकांच्या बाह्यांकडे बघत.

तो एकदाच बघायचा दिवस हाच. म्हणून ती झाडाची मापं.

आता आराखड्याचं सांगते, कारण तो आराखडा सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

भाऊजींचं म्हणणं असं, की कापड कसं आहे ते बघून कपडा बेतावा. उभ्या धाग्यावर बेतला नाही तर कितीही छान शिवा, अंगावर पिळतो. जमिनीलाही उभा धागा असतो. पाणी ज्या बाजूने उतरतं तो. त्याच्या विरुद्ध घर बांधलं की भिंती पिळणार. तेव्हा उतार सपाट करायचा नाही. घरच पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरेल. झाड तोडायचं नाही, त्याच्या सावलीत अंगण. खडक फोडायचा नाही, भिंतीनेच त्याला वळसा घालायचा, जसा मोठ्या पोटाच्या माणसाला कोटाने घालावा. रस्त्याच्या बाजूला नुसती भिंत, म्हणजे धूळ आणि आवाज बाहेर. आणि ओढ्याच्या बाजूला स्वयंपाकघर, मोठ्या खिडकीचं.

हे त्यांनी घरात बसून ठरवलं नाही. वारा कुठून येतो ते कळावं म्हणून त्यांनी जागेभर काठ्या रोवून त्यांना अस्तराच्या चिंध्या बांधल्या. पहिल्या चिंध्या गुराख्याच्या शेळ्यांनी खाल्ल्या. दुसऱ्या बांधल्या तेव्हा रस्त्याने जाणाऱ्या एका बाईने थांबून, सेल कधीपासून आहे, असं विचारलं. ऊन कसं फिरतं ते बघायला ते छत्री घेऊन दिवसभर एका दगडावर बसायचे आणि उन्हाबरोबर स्वतः फिरायचे. संध्याकाळी घरी आले की एक गाल लाल आणि एक नेहमीसारखा. जाऊबाई म्हणायच्या, भाकरी भाजतात तसे भाजून घेताय, निदान दुसरी बाजू तरी उलटा.

आणि मापं माझी घेतली. जाऊबाई जागेवर यायला तयार नव्हत्या, आणि आम्हा दोघी जावांची उंची सारखी. शिंप्याच्या दुकानात पुतळा असतो ना, तशी मी. भाऊजी मला त्या उतारावर उभी करून ओट्याची उंची ठरवायचे, हात वर करायला लावून फळ्यांची जागा ठरवायचे, वाकायला लावून अजून काय काय ठरवायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. मोकळी हवा मिळायची, आणि येता-जाता भाऊजी गप्पिष्ट. एकदा त्यांनी मला विचारलं, की धाकटे, ओट्याशी उभी राहिलीस तर तोंड कुठे करावंसं वाटतं? मी ओढ्याकडे बोट दाखवलं. तिकडे इतकं शांत होतं, की आपोआप देवाचं नाव तोंडात यावं. भाऊजींनी मान डोलावली आणि तिथे खुंटी ठोकली.

कोट शिवताना आधी कच्चे टाके घालून गिऱ्हाइकाला घालून बघायला लावतात, त्याला ट्रायल म्हणतात. घराचीही ट्रायल घ्यायची असं भाऊजींनी ठरवलं. जागेवर बांबू रोवायचे, त्यांच्यावर जुन्या चादरी ताणून खऱ्या मापाच्या भिंती करायच्या, खिडक्यांच्या जागी चादर कापायची, आणि जाऊबाईंना त्यात हिंडवायचं. कुठे तंग वाटलं, कुठे ढगळ वाटलं, तर बांबू उपटून दुसरीकडे रोवता येतो. वीट उपटता येत नाही. हे काम त्यांनी तिथल्याच एका गवंड्याकडे सोपवलं, जो पुढे खरं घरही बांधणार होता. कागदावर आखणं भाऊजींना जमत नाही. म्हणून त्यांनी अस्तराच्या एका मोठ्या कापडावर खडूने घर आखलं, आणि खडू पुसला जाऊ नये म्हणून त्या रेघांवर धाग्याने टाके घातले. भिंती काळ्या धाग्याच्या, दारं लाल, खिडक्या निळ्या. आमच्या घरात त्याहून सुंदर वस्तू मी पाहिलेली नाही. ते घडी घालून त्यांनी गवंड्याला दिलं, आणि बजावलं की हे आहे तसं जमिनीवर उतरव. झाडाला हात नाही, खडकाला हात नाही.

तर आम्ही ओढ्यावरून चढ चढून वर आलो. वर वाऱ्यावर हलणारं चादरींचं घर दिसलं, आणि मला खरंच गहिवरून आलं. घरातल्या सगळ्या जुन्या चादरी मी ओळखल्या. आमच्या पलंगावरची निळी, पुतणीच्या लहानपणीची सशांची. पण या बाजूला जी मोठी खिडकी असायला हवी होती ती नव्हती. नुसती चादर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी म्हटलं, गवंडी खिडकी कापायची विसरला वाटतं. भाऊजींनी एकदा ओढ्याकडे बघितलं, एकदा चादरीकडे, आणि घराला वळसा घालायला लागले. मी मागोमाग.

पुढच्या बाजूला गवंडी उलट्या घमेल्यावर बसला होता, शाबासकीची वाट बघत. त्याने सगळे बांबू ओळंब्यात उभे केले होते. एक चुणी नाही कुठे. भाऊजींनी आत डोकावून बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मिस्त्री, हा खडक कुठे आलाय?"

"होता तिथेच आहे. तुम्ही म्हणाला होतात, हात लावायचा नाही. नाही लावला."

"पण तो झोपायच्या खोलीत आहे."

"हो. मला वाटलं, टेकायला असेल."

मग त्यांनी दाराकडे बघितलं. दाराच्या बरोबर समोर, हातभरावर, झाडाचा बुंधा उभा. आत जायचं तर अंग तिरकं करून, पोट आत घेऊन जावं लागत होतं. गवंडी म्हणाला की तेही त्याला जरा खटकलं होतं, घरी बायकोजवळ बोललाही होता. पण बायको म्हणाली, शहरातली माणसं निसर्गाच्या कुशीत राहायचं म्हणतात ते हेच असेल, तू मधे बोलू नकोस.

भाऊजींनी आराखड्याचं कापड मागितलं. गवंड्याने डब्याखालून काढून दिलं. जमिनीवर पसरलं, दोघे त्याच्या दोन बाजूंना उकिडवे बसले. गवंड्याने ते पसरलं होतं तेव्हा टाके कसे सुबक दिसत होते, एकही गाठ नाही. भाऊजींनी दोन कोपरे धरून ते पालथं केलं. आता सगळ्या गाठी आणि सुटलेली टोकं वर आली, आणि डावीकडचं उजवीकडे गेलं.

शिंपी कापडावर आखतो ते नेहमी उलट्या बाजूला. सुलट्या बाजूला खडूचा डाग पडला तर कपडा वाया जातो. भाऊजींच्या हाताला दुसरी सवयच नाही. मनात न आणता त्यांनी घरही उलट्या बाजूला आखलं, गाठी वर आणि सफाई खाली. आणि गवंड्याने, जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने केलं असतं तेच केलं. चांगली बाजू वर घेतली.

"गाठींची बाजू वर कोण ठेवतं, मास्तर?" तो म्हणाला.

"शिंपी," भाऊजी म्हणाले.

चूक कुणाचीच नव्हती, त्यामुळे भांडायलाही कुणी सापडेना. घर मात्र आरशात दिसावं तसं अख्खं फिरलं होतं. जी भिंत रस्ता झाकायला होती ती ओढा झाकून उभी होती, आणि स्वयंपाकघर आपल्या मोठ्या खिडकीसकट रस्त्याच्या वळणाला जाऊन भिडलं होतं. ज्या चौकातून भाऊजी जाऊबाईंना बाहेर काढू बघत होते, त्याच्याच धाकट्या भावंडापुढे त्यांना नेऊन बसवल्यासारखं.

"उसवूया," भाऊजी म्हणाले, आणि कोट काढून त्यांनी पहिला बांबू धरला. गवंड्याने दुसरा धरला. मी चादरीच्या टाचण्या काढायला घेतल्या. तेवढ्यात खालच्या वळणावर गाडीचा हॉर्न वाजला.

आमचे हे आणि जाऊबाई भाड्याच्या गाडीने आले होते, जेवणाच्या डब्यांसकट. जाऊबाई उतरल्या त्या एका हातात घडीचं स्टूल आणि तोंडावर डॉक्टरकडे दात उपटून घ्यायला आल्याचा भाव घेऊन. झाडाच्या बुंध्याला अंग चोरून त्या आत शिरल्या. ह्यांचं घराच्या बाबतीत एकच मत आहे, की जेवणानंतर आडवं व्हायला जागा असावी. त्यांनी जेवणाची वाटही बघितली नाही. सगळीकडे एक चक्कर मारली, झोपायच्या खोलीत खडकाला पाठ टेकवून बघितली, आणि थोड्याच वेळात तिथून घोरण्याचा आवाज यायला लागला. गवंड्याने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

भाऊजी बाहेर. आत यायचा त्यांना धीरच होईना. चादरीवर त्यांची सावली इकडून तिकडे, तिकडून इकडे जाताना दिसत होती.

जाऊबाईंनी स्वयंपाकघरात स्टूल मांडलं, खिडकीच्या भोकाशी. मी डबे उघडून अंडी सोलायला बसले. रस्त्याने बस आली. ते वळण इतकं अरुंद आहे की बसला तिथे जवळजवळ थांबावंच लागतं. ब्रेक करकरले आणि जाऊबाईंची मान वर झाली. "याला ब्रेकच्या पट्ट्या बदलायला सांगा कुणीतरी," त्या म्हणाल्या. घरून निघाल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं वाक्य, असं ह्यांनी मला नंतर सांगितलं.

बसमधून एक बाई उतरली, बगलेत कोंबडी. चादरींचं घर बघून ती थांबली आणि इथे काय नाटक आहे का, म्हणून तिने विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, नाटकच समजा. ती हसली, जवळ आली. कोंबडी कुठे नेताय, किती अंडी देते, इथून सुरुवात झाली. माझी अंडी सोलून व्हायच्या आत जाऊबाईंना त्या बाईचा जावई घर सोडून का गेला होता आणि परत कशाने आला, हे कळलं होतं. ती गेली तोवर दुधवाला आला. त्याची सायकल पंक्चर झाली होती आणि त्याला ते कुणालातरी सांगायचंच होतं. मग गुराखी आला, शेळ्या आल्या. एका शेळीने सशांची चादर चावायला घेतली तेव्हा जाऊबाईंनी तिला अशा आवाजात हाकललं, जो आवाज त्या फक्त आपल्या घराच्या दारातून काढतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दात उपटून घ्यायचा भाव कधी गेला ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

जेवणं झाली. भाऊजींनी बाहेरच उभ्याने खाल्लं. मग जाऊबाईंनी हाक मारली, "अहो, जरा आत या."

ते आले. गळ्यातली टेप दोन्ही हातांनी धरलेली, हात सुटायच्या बेतात असलेल्या माणसाने दोरी धरावी तशी. जाऊबाईंनी विचारलं, "ही खिडकी रस्त्याकडे तुम्ही मुद्दाम ठेवलीत?"

आता नुसतं हो म्हटलं की झालं. एवढं एक अक्षर, आणि घर उभं. मी डोळे मिटले, पण देवाकडे नेमकं काय मागावं ते मला सुचेना. यांना खोटं बोलायची बुद्धी दे, असं काही देवाजवळ मागता येत नाही. दुसरं काही मागावंसं वाटत नव्हतं. तेव्हा मी नुसतीच हात जोडून बसले, त्याला समजेल ते समजो.

भाऊजींची रीत मला माहीत आहे. कपडा बिघडला असेल तर गिऱ्हाइकाने तो अंगात घालायच्या आत ते स्वतःच सांगतात. आज गिऱ्हाइकाने कपडा घातलेला होता, आरशात बघितलेला होता, आणि खूशही दिसत होतं. तरी ते म्हणाले, "नाही. मी ओढ्याकडे ठेवली होती. कापड उलटं पडलं."

"ओढ्याकडे? तिकडे काय आहे?"

"पाणी आहे. शांत आहे."

"आणि दिवसभर त्या पाण्याकडे बघत उभी राहून मी काय करणार होते?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, बिचाऱ्यांनी. म्हणाले की धाकटीला विचारून ठरवलं होतं, तिला तिकडेच आवडलं होतं.

जाऊबाई म्हणाल्या, "तिला आवडणारच. तिला देव पुरतो. मला माणसं लागतात." मग जरा थांबून, "म्हणजे माझं माप तुम्ही हिच्यावर घेतलंत?"

"उंची सारखीच आहे ना," भाऊजी म्हणाले.

"उंची," जाऊबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांनी परत एकदा उच्चारला, जसा आपण बाजारात एखादा सांगितलेला भाव परत उच्चारतो. आणि मग त्या हसायला लागल्या. जाऊबाई कमी हसतात, पण एकदा लागल्या की त्यांना धरावं लागतं. स्टूल घडीचं होतं, ते मिटलं, त्या चादरीवर कलंडल्या, चादरीसकट दोन बांबू कलंडले, आणि पलीकडच्या खोलीत खडकाला टेकून झोपलेले आमचे हे, पांघरूण मिळालं असं समजून, ती चादर अंगावर ओढून कुशीवर वळले. गवंडी धावत आला. भाऊजी मात्र हसले नाहीत. ते बायकोकडे बघत होते, नीट, पहिल्यांदाच माप घ्यायला उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाकडे बघतात तसे.

डोळे पुसून झाल्यावर जाऊबाईंनी निकाल सांगितला. ही खिडकी इथून हलणार नसेल तर त्या यायला तयार आहेत. बाकी झाड कुणाच्या दारात आणि खडक कुणाच्या उशाशी, ते ज्याचं त्याने बघावं. आणि गवंड्याला चहा द्या, त्याने एकट्याने डोकं चालवलंय.

गवंड्याने चहा घेतला आणि शहाण्यासारखा काही बोलला नाही.

निघताना भाऊजी घाईघाईने म्हणाले, की आता पुढच्या आठवड्यात जाऊबाईंनी पुन्हा एकदा यायला हवं, बेतणी सगळी नव्याने करायची आहे. जाऊबाई गाडीत बसत होत्या. त्या म्हणाल्या, "मी एकदाच येईन म्हटलं होतं. आले. आता घर झाल्यावर येईन. मापं लागली तर ही आहेच तुमची." आणि गाडीचं दार लावून घेतलं.

डबे धुवायचे होते, म्हणून मी ओढ्यावर गेले. भाऊजी मागोमाग आले, पाण्याशी उकिडवे बसले आणि न सांगता झाकणं धुवायला लागले. वर गवंडी बांबू उपटत होता, त्याचा आवाज येत होता. मग आपल्याशीच बोलल्यासारखं सांगायला लागले. ती खिडकीतून बोलताना डावं कोपर टेकते, हे त्यांना माहीतच नव्हतं. तेव्हा डावीकडे खिडकीचा काठ रुंद हवा. हाक मारली की ती उजवीकडून वळते, म्हणजे चूल उजवीकडे नको, चटका बसेल. बाहेर किती वाकते ते तर अजून मोजायचंच आहे. बेतताना थोडी माया ठेवावी लागेल, शिवणीत जादा कापड ठेवतात तशी, म्हणजे वर्षभराने आणखी वाकायला लागली तरी पुरेल. आणि झाडाच्या बाजूने सगळं परत फिरवायचं, पण खिडकी तिथेच ठेवून. कठीण आहे, म्हणाले. फार कठीण आहे. त्यांचं इतकं खूश तोंड मी दुकानाच्या वाढदिवसालासुद्धा बघितलं नव्हतं.

मी म्हटलं, मग मी कधी येऊ? मंगळवारी मला जमेल.

त्यांनी धुतलेलं झाकण पुन्हा एकदा धुतलं.

"धाकटे, राग मानू नकोस," ते म्हणाले. "पण तू येऊ नकोस. तू आलीस की ती यायची नाही. असं कर, मंगळवारपर्यंत तुझे गुडघे दुखताहेत म्हणून सांग. एवढंच. चढ चढवत नाही म्हणायचं, आणि घरात चालताना जरा पाय ओढायचा, तिच्यासमोर. तुझ्या देवाला मी सांगतो हवं तर, की मीच सांगितलं होतं."